मागचा पंखा

होळीची राख निवली की तात्या जिन्याखालच्या पेटीतून पाना आणि पेचकस काढत, आणि आमच्या घरात उन्हाळा सुरू झाल्याचं जाहीर होई. तात्या म्हणजे माझ्या बाबांचे थोरले भाऊ. गरौठ्याच्या तहसिलीतली नोकरी संपवून ते झाशीत खंडेराव गेटजवळच्या आमच्या घरी वरच्या खोलीत राहायला आले होते, आणि निवृत्त माणसाला मन रमवायला काहीतरी लागतं म्हणून त्यांनी कूलर हा विषय घेतला होता. दुसऱ्यांचे काका पत्रिका बघतात, होमिओपॅथीच्या गोळ्या वाटतात. आमचे तात्या गारवा बघत. बड़ा बाज़ारातून कूलरची घास, म्हणजे जाळीत भरायचं गवत, ते स्वतः निवडून आणत, दुकानदाराच्या डोळ्यांदेखत मूठभर घास नाकाला लावून हुंगत, आणि जुनी म्हणून परत करत. मग घरभर ओल्या घासेचा वास, पंपाची गुडगुड आणि टपटप सांडणारं पाणी. त्या वासाने मला अजून परीक्षा संपल्यासारखं वाटतं.

तात्यांच्या गारव्याच्या शास्त्रात कलमं पुष्कळ होती. माठ वाळूतच ठेवायचा, पाणी बसूनच प्यायचं, बाहेर पडताना खिशात कांदा. पण मुख्य कलम एकच. पुढच्या खोलीतल्या खिडकीत कूलर लावला की समोरची, म्हणजे स्वयंपाकघरातली खिडकी वीतभर उघडी हवी. आई ती बंद करायची, कारण एक तर तिथून लूची झळ यायची आणि दुसरं म्हणजे दुधासाठी मांजर यायचं. तिने खिडकी लावली की वर पडल्या पडल्या तात्यांना ते कसं कोण जाणे कळायचं. जिन्यावरून खाली येत ते म्हणायचे, "हवा आत आली की तिला बाहेर जायची वाट पाहिजे, वहिनी. नाहीतर घराचं मोदकपात्र होतं." धाकट्या भावजयीला वहिनी म्हणायची त्यांची पद्धत होती. आई पदराने घाम पुशीत खिडकी उघडायची, तात्या वर गेले की पुन्हा लावायची. लग्न होऊन झाशीला आल्यापासून प्रत्येक उन्हाळ्यात ती हे वाक्य ऐकत होती.

गारव्याच्या खालोखाल तात्यांचा दुसरा विषय म्हणजे माझा डावा हात. मी जन्माची डावरी. तात्या कधी रागावले नाहीत, मारायचं तर नावच नको. मी डाव्या हाताने पेला उचलला की ते नुसते घसा खाकरायचे आणि माझ्या हाताकडे बघत बसायचे, पेला उजव्या हातात जाईपर्यंत. डाव्या हाताने तीर्थ घेत नाहीत, दक्षिणा देत नाहीत, पाणीसुद्धा पीत नाहीत. आपले पूर्वज इथे पौरोहित्य करायला आले ते काय यासाठी, असं सगळं त्या खाकरण्यात असायचं. मी उजव्या हाताने जेवायला शिकले, लिहायलाही शिकले. माझं अक्षर पाहून बाई म्हणायच्या की कोंबडीचे पाय शाईत बुडवलेत का.

तर अशा या घरात कॉम्प्युटर आला. भोपाळचा माझा मावसभाऊ नोकरीला लागला आणि खेळांसाठी हौसेने जोडून घेतलेला आपला कॉम्प्युटर त्याने मला देऊन टाकला. काळा, जाड, एका बाजूला काच असलेला डबा, आणि सुरू केला की आईच्या कुकरसारखा आवाज. मी माऊस डावीकडे ठेवला. तात्या येऊन बराच वेळ उभे राहिले. खाकरले नाहीत. मला वाटतं, माऊस कोणत्या हाताने धरावा याबद्दल शास्त्रात काही आहे का ते त्यांनी मनातल्या मनात चाळून पाहिलं, काही सापडलं नाही, आणि ते वर निघून गेले. घरातली तेवढी एक वीतभर जागा माझ्या डाव्या हाताला मिळाली. त्या कॉम्प्युटरवर माझा जीव का होता, हे विचारणाऱ्यांना मी खेळाबद्दल काहीबाही सांगत असे. खरं कारण हे होतं.

खेळ पाचजणांचा होता. आपण पाच, समोर पाच, त्यांचा किल्ला घ्यायचा आणि आपला राखायचा. माझे सोबती इंटरनेटवर भेटलेले, सगळे महाराष्ट्रातले, आणि आमचा कप्तान सांगलीचा ओंकार. मी कानाला हेडफोन लावून बोलायला लागले की ते माझ्या मराठीला हसायचे, कारण मी 'दरवाजा उघडून दे ना, जल्दी' असं काहीतरी बोलत असे. किल्ला राखायचं काम मला दिलं, कारण मी झाशीची. हा विनोद मी तेव्हापासून ऐकते आहे. आता पुण्यात राहते, पाठ दुखते, चष्म्याशिवाय सुईत दोरा जात नाही, पण गाव सांगितलं की समोरचा अजूनही तोच विनोद नव्याने सुचल्यासारखा करतो आणि मी अजूनही नव्याने ऐकल्यासारखी हसते. पण ते असो. मुद्दा असा की मला किल्ला चांगला राखता येत होता आणि कॉम्प्युटरला ऊन सहन होत नव्हतं. भोपाळची हवा सोसलेला तो डबा झाशीत ऐन लढाईत तापायचा, धापा टाकायचा आणि फट्कन बंद व्हायचा.

मावसभावाने फोनवर सांगितलं, पंखे बदल, मागे एकच जुना आहे, नवे चार लाव. वाढदिवसाला काय हवं असं बाबांनी विचारलं तेव्हा मी पंखे मागितले. बाबा रेल्वेच्या हिशेबाच्या कचेरीत होते, सरळ माणूस. घरात प्रत्येक खोलीत एक पंखा असताना मुलगी आणखी चार मागते म्हणजे हिला लग्नाआधीच संसाराची काळजी लागली, असं वाटून ते गहिवरले. मी डबा दाखवला तेव्हा गहिवर उतरला, पण पंखे आले. तळहाताएवढे, काळे, आणि वीज मिळाली की रंग बदलत चमकणारे.

रविवारी सकाळी शस्त्रक्रिया ठरली. बाबा टॉर्च धरून, मी पेचकस घेऊन, आणि तात्या पाटावर बसून. झाशीत पंखा या वस्तूला हात लागणार आणि तात्या वर बसून राहणार, हे शक्यच नव्हतं. स्वतः मात्र ते हत्यार धरत नव्हते. मागच्या उन्हाळ्यात कूलरच्या शिडीवरून पडल्यापासून त्यांचा उजवा खांदा आखडला होता; सदऱ्यात हात घालतानासुद्धा ते कण्हत. पुढचे तीन पंखे नीट लागले, हवा आत ओढणारे. मग जुना मागचा पंखा काढायच्या आधी तात्यांनी मला डबा सुरू करायला लावला आणि मागे तळहात धरला. त्यांच्या चेहऱ्यावर चोर सापडल्याचा भाव आला.

"अरे, हा तर हवा बाहेर फेकतोय," ते म्हणाले. "पुढून आपण गार हवा भरायची आणि हा गाढव मागच्या दाराने काढून देणार. म्हणूनच डबा तापतो. नवा लावताना उलटा लाव, बिन्नू. चारही आत."

बिन्नू म्हणजे मी. बुंदेली शेजाराने ठेवलेलं नाव घरातही रुळलं होतं. मी म्हटलं, तात्या, मागचा पंखा बाहेरच फेकतो, मी व्हिडिओत पाहिलंय. तात्यांनी शांतपणे विचारलं, "तो व्हिडिओवाला झाशीत राहतो का?" तो झाशीत राहत नव्हता. बाबांनी आयुष्यात थोरल्या भावाचा शब्द मोडला नव्हता, त्यांनी टॉर्च उलट्या पंख्यावर धरला आणि मी तो तसाच बसवला. चारही पंखे झगमगायला लागले. गणपतीच्या मंडपासारखा उजेड पडला. तात्या खूश होऊन म्हणाले, आता बर्फसुद्धा जमेल.

जमला नाही. दुसऱ्याच दिवशी डबा पहिल्यापेक्षा लवकर बंद पडला. तात्या डगमगले नाहीत. आधी त्यांनी डब्याखाली विटा लावल्या. मग दिशा चुकली म्हणून तोंड पूर्वेला केलं. मग डब्यावर ओला पंचा टाकावा म्हणाले, तेव्हा आई मध्ये पडली. मी रोज खेळत होते आणि रोज ऐन वेळी माझ्या चौघांना किल्ल्यात एकटं सोडून नाहीशी होत होते. शेवटी ओंकारने सांगितलं, हसत नाही, नीट सांगितलं, की मंगळवारी दुपारी मोठ्या स्पर्धेची पहिली फेरी आहे, तेव्हा बंद पडलीस तर पुढे दुसऱ्याला घ्यावं लागेल. मी 'ठीक आहे ना' म्हटलं आणि न्हाणीघरात जाऊन रडले. कुठल्यातरी टोळीत मी आहे, माझ्यावाचून अडतं, असं तोवर मला कधी वाटलं नव्हतं. शाळेत आम्ही मराठेवाले होतो आणि नाशिकच्या आजोळी हिंदीवाले. त्या चौघांत मी नुसती किल्लेदार होते.

आणि मंगळवारीच आईचं चैत्रगौरीचं हळदीकुंकू होतं. झाशीत मराठी घरं मोजकी, पण चैत्रातलं हळदीकुंकू कुणी चुकवत नसे, आणि आमंत्रणं जाऊन चुकली होती. गौर माहेरी आलेली, उन्हातून आलेली, म्हणून सगळं थंडाव्याचं: कैरी घातलेली डाळ, वेलदोड्याचं पन्हं, भिजवलेले हरभरे, हातावर चंदन, गुलाबदाणीतून गुलाबपाणी, आणि गौरीला वारा घालायला वाळ्याचा विंझणा. हातपंख्याला विंझणा म्हणणारी झाशीत आमच्यासारखी दोन-चारच घरं उरली असतील. कूलर एकाच खोलीत, म्हणून गौर त्याच खोलीत, आणि कॉम्प्युटरही त्याच खोलीत. मी तो हलवायला निघाले तर आई म्हणाली राहू दे, दिवे छान आहेत. तिने गौरीचा झोपाळा बरोब्बर डब्याला लावून मांडला. मागे निळाजांभळा उजेड, पुढे कलिंगडाची कमळं आणि उदबत्तीचं घर. मला मॅच खेळायला परवानगी मिळाली, अट एकच, साडी नेसून बसायचं, म्हणजे आल्यागेल्याला वाटेल की मुलगी गौरीपाशी बसली आहे.

तेव्हा असं दृश्य होतं. मी आईची मोतिया साडी नेसून, गजरा घालून, त्यावर हेडफोन चढवून गौरीच्या शेजारी बसलेली, आणि ओठ न हलवता पुटपुटते आहे, 'मागून ये, मागून, उडव त्याला.' बायका येत होत्या, गौरीला हळदकुंकू वाहत होत्या आणि माझी भक्ती पाहून भारावत होत्या. शेजारच्या चौरसिया चाची मराठी नव्हत्या, पण डाळीसाठी दरवर्षी सगळ्यांत आधी यायच्या. त्यांनी डब्याकडे पाहून आईजवळ बुंदेलीत त्याच्या रूपाचं कौतुक केलं, "जो डिब्बा तो बड़ो नोनो लग रओ." मग त्यांना उदबत्तीने खोकला आला, म्हणून त्यांनी उदबत्तीचं घर उचलून डब्याच्या मागच्या अंगाला ठेवून दिलं.

पडद्याच्या कोपऱ्यात डब्याच्या तापाचा आकडा मला दिसत होता आणि तो जिन्याने वर चढल्यासारखा चढत होता. खेळात त्यांचे दोघे पडले होते, आमचा एक. डब्याचा आवाज वाढला. चाची म्हणाल्या कुकर लावलाय का. हा आवाज मला पाठ होता, याच्यानंतर काळोख. तेवढ्यात आई ओटीचे हरभरे घेऊन वाकली आणि वाकलेलीच राहिली. ती उदबत्तीच्या धुराकडे बघत होती. मघाशी पुढे ठेवलेल्या उदबत्तीचा धूर डब्याच्या पुढच्या जाळीतून आत जाताना तिने पाहिला होता. आता उदबत्ती मागे होती, आणि धूर मागच्या जाळीतूनही आतच जात होता.

हळदीकुंकवात पुरुषांचं काही काम नसतं, म्हणून तात्या आतल्या खोलीत होते, पण डबा आजारी आणि वैद्य ते, तेव्हा दर दोन मिनिटांनी पडदा सरकवून बघत होते. आईने त्यांना बोटाने बोलावलं. बायकांच्या माना वळल्या. तिने आवाज अजिबात चढवला नाही.

"भाऊजी," ती म्हणाली, "पुढूनही आत जातोय, मागूनही आतच. खिडकी कुठाय?"

तात्यांनी धुराकडे पाहिलं. मग स्वयंपाकघराच्या दिशेने पाहिलं, जणू ती खिडकी तिथून जाब विचारत होती. इतक्या वर्षांत आईला एवढं छोटं वाक्य एवढ्या समाधानाने बोलताना मी पाहिलं नव्हतं, पण ते समाधान पाहायला मला तेव्हा सवड नव्हती. मी हेडफोन अर्धा काढून म्हटलं, तात्या, आत्ता बंद करता येत नाही, बंद झाला तर मी गेले.   तात्या धोतर सावरून बायकांमधून वाट काढत पुढे आले, डब्याच्या काचेची हाताने फिरणारी मळसूत्रं सोडवली, काच बाजूला काढून गौरीच्या पायऱ्यांना टेकवली, पाट ओढून बसले, आणि गौरीच्या पुढ्यातला विंझणा उजव्या हातात उचलला.

त्यांनी वारा घालायला सुरुवात केली. सावकाश, लांब, खांद्यापासून. वाळ्याचा वास डब्यातून माझ्या तोंडावर आला. चढणारा आकडा थबकला, थोडा विचार केल्यासारखा थांबला, आणि एक पायरी उतरला. चाची म्हणाल्या लाओ भैयाजी, हम कर दें. तात्यांनी मान हलवली. वाऱ्याला एक लय असते, हात बदलला की ती तुटते, असं त्यांनी बायकांना हिंदीत समजावून सांगितलं, आणि समजावताना हात थांबवला नाही. बायका हळूहळू पुन्हा डाळीकडे वळल्या. आईने रांगेने चंदन लावलं, अत्तर लावलं. मग ती सवयीने गुलाबदाणी शिंपडत आमच्यापर्यंत आली आणि तिच्या लक्षात येण्याआधी तात्यांनी उघड्या डब्यापुढे आपलं टक्कल आडवं घातलं. सगळं गुलाबपाणी त्यांच्या डोक्यावर पडलं. ते तसेच, कपाळावरून थेंब ओघळत, वारा घालत राहिले.

मी खेळले. माझा डावा हात त्या दिवशी माझं सगळं ऐकत होता. किल्ल्याच्या दारात दोघे आले, दोघांना परतवलं, तिसरा मागून आला तो ओंकारने घेतला, आणि कानात चौघे एकदम ओरडले तेव्हा मला आधी वाटलं की पुन्हा काळोख झाला म्हणून ओरडतायत. मग पडदा पाहिला. जिंकलो होतो. ओंकारने विचारलं, मागे आवाज कसला येतोय, लग्न आहे का? मी म्हटलं, गौर आली आहे. तो म्हणाला, मग शनिवारपर्यंत ठेवून घे. शनिवारी दुसरी फेरी होती. मी तिथेच, पदर तोंडाला लावून, सगळ्यांसमोर रडले, आणि शकूमामी नावाच्या आईच्या मैत्रिणीने आईला सांगितलं की मुलीला गौरीची फार ओढ आहे, सासर चांगलं मिळेल.

दिवेलागणीला बायका गेल्या. तात्यांनी मला डबा बंद करायला सांगितला आणि मागचा पंखा सरळ करून घेतला. माझ्याकडून घेतला, स्वतः हात लावला नाही. मग उदबत्ती पुढे धरायला लावली. धूर पुढून आत गेला, क्षणभर कुठे दिसेना, आणि मागच्या जाळीतून बाहेर येऊन स्वयंपाकघराकडे निघाला. "बघ," तात्या बाबांना म्हणाले, "मी पहिल्यापासून सांगतोय, वाट पाहिजे." बाबांनी मान डोलावली. आईने उठून स्वयंपाकघराची खिडकी पूर्ण उघडली. त्यानंतर तिने ती उन्हाळ्यात कधी लावली नाही. दूध मात्र जाळीच्या कपाटात हलवलं.

मग आम्ही चौघे गौरीसमोर बसलो आणि आईने उरलेलं पन्हं सगळ्यांना दिलं. पेला तात्यांच्या समोर ठेवला. त्यांनी उजवा हात मांडीवरून उचलला. तो पेल्यापर्यंत पोचला नाही, परत मांडीवर जाऊन पडला. मी पाहिलं, आईने पाहिलं, आणि आम्ही पाहिलं हे तात्यांनी पाहिलं. त्यांनी डाव्या हाताने पेला उचलला, गौरीसमोर, आणि एक घोट घेतला.

"डाव्या हाताने प्यायलं," ते कोणाकडेही न बघता म्हणाले, "की जास्त गार लागतं."

मी माझा पेला डाव्या हातात घेतला आणि प्यायले. कोणी खाकरलं नाही.